वकीलसाबांचा डबा

वकिलाची गोष्ट म्हणल्यावर तुम्ही काळा कोट, भरलेलं कोर्ट, शेवटी न्याय, सगळं डोळ्यासमोर आणलं असेल. नक्को. आमच्या वकीलसाबांकडे अशील एकही नाही. झाकणाला चीर पाडलेला एक स्टीलचा डबा आहे.

मी उदगीरचा. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि काचीगुड्यात रत्नपारखी वकिलांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. त्यांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. कुठं गाणं कानावर आलं की हे डबा घेऊन हजर.

"कवी जाऊन किती वर्षं झाली?"

साठच्या आत असतील तर, "वारसाची परवानगी काढली?" साठच्या वर असतील तर, "म्हणजे वारसाचा हक्क संपला, गाणं आता सगळ्यांचं. पण फुकट कायकू? रुपया टाका. मेलेल्यांच्या गाण्यावर जित्या गाणाऱ्यांची पेटी दुरुस्त होऊ दे." असा कायदाच व्हावा म्हणून ते दिल्लीला अर्ज पाठवतात. दिल्ली गप्प.

एका बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या. कवी कोण, कुणालाच माहीत नाही. "अज्ञात? मग दोन रुपये! बिचाऱ्याचं नावसुद्धा राहिलं नाही." तेव्हापासून त्यांना बारशाचं बोलावणं येत नाही.

मला नकलांचा नाद. गणपतीत स्टेजवर वकीलसाबच उभे केले. ती तिरकी मान, तो डबा, आणि रोज सकाळी दाढी करताना खालून ऐकू येणारं त्यांचं बेसूर गाणं, जाईच्या वेलाचं. लोक हसून लोळले. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो पार चिक्कडपल्लीपर्यंत फिरला.

दुसऱ्या दिवशी ते माडी चढून आले. हातात डबा आणि एक वही. मी म्हणलं, आली नोटीस.

"ते गाणं कुणाचं, माहीत आहे?"

"जुनं असेल. टाकतो रुपया, वकीलसाब."

"तुझ्या काकूचं आहे. लिहिलं तिनं, चालही तिचीच. जाऊन चार वर्षं झाली. अजून छप्पन राहिलीत." त्यांनी वही उघडली. बारीक अक्षरात शब्द होते. "म्हण."

मी म्हणलं. दुसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला. "इथं ती वर जायची."

"कशी?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. निघालं ते माझ्यासारखंच. म्हणजे मीच त्यांच्यासारखं म्हणत होतो.

"हक्क साठ वर्षं माझ्याकडे आहे रे," ते म्हणले. "चाल गेली."

"रोज तर म्हणता."

"म्हणून म्हणूनच गेली. दर सकाळी थोडी थोडी."

मला राहवलं नाही. अंदाजानं एक वरचा सूर लावून ओळ म्हणली. चांगली जमली, खरं सांगतो.

"गप!" वही धाडकन मिटली. "हौला, येडा आहेस काय रे? नक्कल माझी कर, डब्याची कर, उद्या मेलो तर तिरडीची कर. तिची नक्को! माझं चुकतंय, पण ते तिच्याकडनं ऐकून चुकतंय. तुझं कुठनं आलं?"