वेस्ट मांबलमचा प्रामाणिक गॅसचोर

ज्या यंत्राला काटा असतो ते खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती त्याच्याभोवतीची माणसं. आवडी इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात जन्म काढलेल्या माधवरावांचा हा सिद्धान्त होता, आणि निवृत्तीनंतर त्यांनी तो वेस्ट मांबलममधल्या आपल्या सोसायटीला विनामूल्य उपलब्ध करून दिला होता.

२००६च्या उन्हाळ्यात त्यांनी एका सिनेमा कंपनीने मोडीत काढलेली कॅरॅवॅन घेतली. आत पलंग, मोरी, ओटा, नटांचा मोठा आरसा (त्यात आता माधवराव दाढी करणार होते), मागे गॅसची टाकी आणि टाकीवर काटा. बेत साधा होता. पत्नी कृष्णवेणीची थोरली बहीण राजसबाई तंजावरचं घर सोडून महिनाअखेर कायमची अमेरिकेला, मुलाकडे निघाली होती. तिची शेवटची भेट घ्यायची आणि तिच्या दारात, स्वतःच्या गाडीतल्या ओट्यावर केलेली कॉफी तिला पाजायची.

निघायच्या सकाळी काटा साठ टक्क्यांवर होता. सामान भरता भरता दुपार झाली आणि तो चौसष्टवर गेला. शेगडी कुणी पेटवलीच नव्हती, म्हणून माधवरावांनी निघणं एक दिवस पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साठ.

"ऊन लागलं की टाकीतला गॅस फुगतो, थंडावला की खाली बसतो," कृष्णवेणी म्हणाली. "गाडीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे की."

"पुस्तकं नवशिक्यांसाठी असतात, अगो."

स्पष्टीकरण फेटाळण्यात आलं. (फेटाळायला समितीची गरज पडत नव्हती.)

मग समिती नेमली गेली: अध्यक्ष माधवराव, सदस्य सोसायटीचे सेक्रेटरी नारायणस्वामी. निष्कर्ष असे निघाले. रात्री गॅस कमी होतो, त्या अर्थी चोरी होते. दुपारपर्यंत तेवढाच परत येतो, त्या अर्थी चोर प्रामाणिक आहे. सोसायटीत प्रामाणिक म्हणून ख्याती एकट्या काशिनाथची (त्याने एकदा सापडलेली छत्री परत केली होती). सबब काशिनाथला बोलावण्यात आलं.

"मामा, गॅस मी नेऊ कशात?"

"ते तू सांगायचंस," माधवराव म्हणाले.

"आणि नेलाच तर परत कशाला आणीन?"

"तुझा स्वभावच तसा, बाबा," नारायणस्वामी समजुतीने म्हणाले.

खबरदारी म्हणून गाडी फाटकाजवळच्या उतारावर नेऊन लावली. गाडी कलली, काटाही सरकला. चोराला नवी जागासुद्धा कळली होती, संशय बळावला.

समितीची बैठक रोज गाडीतच भरे आणि कॉफी गाडीतल्याच शेगडीवर होई. (समितीसमक्ष वापरलेला गॅस चोरीत धरत नाहीत.) कृष्णवेणी रोज विचारी, "निघायचं का?" माधवराव रोज सांगत, "काटा स्थिर झाला की लगेच."

महिना सरत आला तशी तिने पिशवी उचलली. "मी कोयंबेडूहून बस धरते. बसला काटा नसतो." (असतो, पण ड्रायव्हर त्यावर समिती नेमत नाही.)

ती परतली तेव्हा माधवराव फाटकातच उभे होते, चेहरा उजळलेला.

"काटा स्थिर झाला. सकाळी शून्य, दुपारी शून्य, रात्री शून्य. काशिनाथ सुटला, गाडी प्रवासाला योग्य ठरली. चल, अक्काला भेटून येऊ."

"अक्का विमानात बसली," कृष्णवेणी चपला काढत म्हणाली. "शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत होती. म्हणाली, माधव गाडीतली कॉफी पाजणार होता ना?"

माधवरावांनी एकदा काट्याकडे पाहिलं. तो हलला नाही.

गाडीचं पुस्तक आजही आरशाखालच्या खणात आहे, पहिल्या पानापुढे कोरं करकरीत. वाचकांना हसू आलं असेल तर त्यांनी आधी उठून आपल्या घरच्या मिक्सरचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालं आहे का, ते पाहून यावं. माधवराव तोवर थांबतील. त्यांना आता घाई नाही.