न पडलेलं शेण

कानाशी माशी घोंगावत होती म्हणून लोवेल टॉर्गर्सनने हात वर केला. नेमकं त्याच क्षणी पालकसभेच्या प्रमुख बॉनी क्राउस विचारत होत्या, "मग गाय कोण आणणार?"

"वा! लोवेल आणणार!" बॉनीबाईंनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

लोवेल विमा विकायचा. गाईशी त्याचा संबंध न्याहारीच्या दुधापुरता. "अहो, माशी होती..." एवढं तो पुटपुटला, पण तोवर सभा केक कोण करणार या विषयावर गेली होती. शिवाय मिनेसोटातल्या माणसाने भर सभेत 'नाही' म्हणायचं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारण्यासारखं.

खेळ दरसालचाच होता. शाळेच्या मैदानावर चुन्याने चौकोन आखायचे, गावाने ते विकत घ्यायचे, मग गाय सोडायची. तिचं पहिलं शेण ज्याच्या चौकोनात पडेल त्याला बक्षीस. यंदाचं बक्षीस होतं बर्फ उडवायचं कोरं यंत्र, त्यामुळे एकही चौकोन शिल्लक नव्हता. आणि जमलेल्या पैशांतून मैदानात नवी घसरगुंडी यायची होती. जुनी गंजली म्हणून उन्हाळ्यात उपटून टाकली होती.

खरं सांगायचं तर लोवेलला मनातून बरंच वाटलं. शाळेच्या पुढच्या दाराशी एक भिंत होती. शाळेसाठी राबणाऱ्या आईबापांचे फोटो तिच्यावर लावलेले. त्याची तिसरीतली मुलगी इंगा रोज त्या भिंतीसमोरून जायची. एकदा जेवताना तिने विचारलं होतं, "बाबा, त्या भिंतीवर आपण का नाही?" आई रेनी नर्स, सुट्टीच्या दिवशी नेमकी तिची ड्यूटी. आणि लोवेलला ना केक यायचा, ना नाटकाचे पडदे शिवता यायचे. तो म्हणाला, "भिंत लहान आहे गं." हे उत्तर त्याचं त्यालाच इतकं झोंबलं, की त्यानंतर तो शाळेत मागच्या दाराने जाऊ लागला.

गाय होती रेनीच्या भावाकडे. ड्वेन हा जिल्ह्याच्या जत्रेत गाई मिरवणारा माणूस. त्याच्या डचेसला दर वर्षी पहिल्या नंबरची निळी फीत मिळायची. या उन्हाळ्यात इंगाही मामाकडे राहून रिंगणात कालवड फिरवायला शिकली होती, तिलाही एक छोटी फीत मिळाली होती. लोवेलला त्या दिवशी काम निघालं. फीत त्याने फोटोत पाहिली, आणि तिथे पोरगी नेमकं काय काय शिकली हे विचारायचं राहूनच गेलं.

"डचेस?" ड्वेन फोनवर किंचाळला. "माझी डचेस शेण टाकायला नेणार तू?"

"शाळेच्या भल्यासाठी रे."

"अरे, आजवर तिचं शेण चारचौघांत जमिनीला लागलेलं नाही!"

"गाय आहे की संत आहे?"

"राणी आहे राणी! ने बाबा, बहिणीचा नवरा पडलास. पण दोरी इंगाच्या हातात दे. तिचंच ऐकते ती."

शनिवारी डचेस आली ती शाम्पूने न्हाऊन, शेपटीचा गोंडा विंचरून. लोवेलने ट्रेलरचं दार उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. बाईसाहेबांनी सगळा कार्यभाग वाटेतच उरकला होता.

"ड्वेन, हे इथे?"

"प्रवासात होतं असं. तुला नाही का होत?"

मैदानाभोवती अख्खं गाव खुर्च्या मांडून बसलं होतं. इंगा सकाळपासून प्रत्येकाला सांगत सुटली होती, "गाय माझ्या बाबाने आणलीय." लोवेलची छाती फुगली होती, पण डोळ्यासमोर तो ट्रेलर होता. आज काही झालं नाही तर हेच लोक त्याच्या तोंडात शेण घालणार, आणि तेही डचेसचं नसणार.

डचेस मधोमध उभी राहिली. उभीच राहिली. मुलांनी तिला सफरचंदं चारली. लोवेलने बादली भरून पाणी आणलं. ते तिने हुंगलं आणि सोडून दिलं.

"तिला जरा चालवा," मागून कुणीतरी ओरडलं.

"चालवू नका, तिला एकांत द्या!"

"गावासमोर कसला एकांत? पाद्रीबुवा, तुम्हीच प्रार्थना करा."

"यासाठी?" पाद्रीबुवा लाल झाले. त्यांचाही एक चौकोन होता.

बॉनीबाई लोवेलजवळ आल्या. तोंडावर हसू, आवाजात सुरी. "लोवेल, ही चालू स्थितीत आहे ना?"

"आहे हो. सकाळीच चालवून बघितलीय."

आणि तेवढ्यात डचेसने शेपटी उचलली. सगळं मैदान उठून उभं राहिलं. "इकडे! इकडे सरक!" जो तो आपापल्या चौकोनाच्या नावाने गाईला बोलावू लागला. कुणाला काही कळायच्या आत इंगाने दोरी सोडली, बादलीतलं पाणी भिरकावून दिलं, वळसा घालून गाईमागे झेप घेतली आणि सगळंच्या सगळं बादलीत झेललं.

इंगा बादली उंचावून उभी होती, चेहरा फुललेला. "बाबा! शिंतोडासुद्धा नाही सांडला!"

"शाब्बास पोरी!" एकटा ड्वेन टाळ्या पिटत होता. "शेपटी हलली की बादली! बरोबर शिकवलंय की नाही?" जत्रेतल्या माणसांना गाईचं अंग मळलेलं चालत नाही. डचेसचं शेण जमिनीला का लागलं नव्हतं, ते लोवेलला आता उमगलं.

मग एकच गलका उठला. "माझ्याच चौकोनावर होती ती!" "छे, माझ्या!" "पैसे परत द्या!" बॉनीबाईंचं हसू पार मावळलं. "लोवेल, तुमच्या मुलीने हे काय करून ठेवलं?" इंगाने एकदा बादलीकडे बघितलं, एकदा चौकोनांकडे, आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

ते बघितलं आणि लोवेलच्या डोक्यातून भिंत गेली, फोटो गेला, घसरगुंडी गेली. ज्या माणसाला माशीसुद्धा नीट नाकारता येत नव्हती, तो खुर्चीवर चढला.

"माझी मुलगी आहे ती!" तो ओरडला. "गाय स्वच्छ ठेवायला शिकलीय, आणि शिकली तसं केलं तिने. पळत्या पायाने, एका हाताने! तुमच्यापैकी कुणाला जमलं असतं? बॉनी, तुला? तुझ्या केकवर साखर तरी अशी नेमकी पडते का?"

मग पाद्रीबुवांना हसू फुटलं, आणि ते हसले म्हटल्यावर सगळ्यांना परवानगी मिळाली. साखरेचं वर्मी लागलं होतं, तरी बॉनीबाईसुद्धा हसल्या. हेडबाई हॅल्व्हर्सननी भोंगा हातात घेतला. "नियम आहे, पहिलं शेण जमिनीवर पडेल तिथे. बादली म्हणजे जमीन नव्हे. खेळ चालू आहे!"

झालं. डचेस आता रिकामी, आणि यंत्राच्या आशेने जागचं कुणी हलेना. लोकांना भूक लागली. विकायला ठेवलेले केक संपले, मग हॉटडिशचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचे, ट्रे खरवडून संपले. बॉनीबाईंनी घरून लोणच्याच्या बरण्या मागवल्या, त्याही विकल्या गेल्या. इंगा बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती आणि लोवेल बादली पोटाशी धरून तिच्यापासून लांब. ऊन कलताना डचेसने एकदाची कृपा केली, ती पाद्रीबुवांच्या चौकोनात. आपण प्रार्थना केली नव्हती, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं.

पडलं शेण माती घेऊन उठतं म्हणतात. न पडलेल्या शेणाने घसरगुंडी तर आणलीच, वर दोन झोकेही आणले.

पुढच्याच आठवड्यात भिंतीवर नवा फोटो लागला. लोवेल किती दिवसांनी पुढच्या दाराने आत गेला, अंगात कोट घालून, इंगाचा हात धरून. फोटोत मधोमध इंगा होती, पाय हवेत, बादली पुढे, वर डचेसची उभी शेपटी. अगदी कडेला एक कान, अर्धं कपाळ आणि उघडं पडलेलं अर्धं तोंड दिसत होतं. खाली लिहिलं होतं, 'इंगा टॉर्गर्सन आणि तिचे बाबा'. कान कुणाचा हे गावातल्या कुणाला विचारायची गरज नव्हती, तरी लोवेल आल्यागेल्याला सांगत होता.

इंगाने फोटो बराच वेळ निरखला. तिला वाईट वाटलं.

"बाबा, तू अर्धाच आलास."

लोवेलने कोट सारखा केला. असं उत्तर द्यायला त्याला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता.

"भिंत लहान आहे गं," तो म्हणाला.