संची गेली

लहानपणी अर्धवट राहिलेला जपानी व्हिडिओ गेम यंदा दिवाळीआधी संपवणारच, असं विनीतने घरात जाहीर केलं होतं. कोलशेतच्या मित्राकडून त्याने जुनं यंत्र आणि कॅसेट आणली, मानपाड्याच्या घरी टीव्हीला जोडली आणि खेळात चौघांची टोळी बांधली. नावांना जागा तोकडी, म्हणून त्याचा स्वतःचा विनी झाला, बायको संचिताची संची. तिसरे वडील, आबा. चौथी मंजू, म्हणजे मंजुळा, गेल्या वर्षी वारलेली त्याची आई. औषधपाणी तिच्याकडे.

आठवड्यात विनीत वैतागला. चार पावलं टाकली की राक्षस आडवा येणार, त्याच्याशी पाळीपाळीने लढायचं, की पुन्हा चार पावलं. पुढे कुठे जायचं ते कोणी धड सांगत नाही. गावातला म्हातारा कधीही विचारा, तेच एक वाक्य बोलतो.

आबांना मात्र नेमकं हेच आवडलं. मंजुळाबाई गेल्यापासून ते नुसते खिडकीशी बसून असत. इथे घाई नव्हती. तुमचं ठरेपर्यंत राक्षससुद्धा ताटकळायचा. संगीत संथ, गोड. आणि मेलेल्याला देवळात नेलं की तो उठून चालायला लागायचा. विनीत कामावर गेला की आबा खेळायला बसत आणि जेवताना सगळी हकिकत सांगत.

एका रविवारी दिव्याहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, बायजाआत्याचा फोन आला. घरचे बरे आहेत ना, असं तिने विचारलं. आबांचं लक्ष पडद्यावर.

“संची गेली,” ते म्हणाले. “विष चढलं. औषध संपलेलं. विनी तर पहिल्याच फटक्याला गेला. आता मी आणि मंजू, दोघंच.”

विनी गेला म्हटल्यावर पुढचं आत्याने ऐकलंच नाही.

तासाभरात रिक्षातून आत्या, तिचा मुलगा सुमित आणि दोन शेजारणी उतरल्या. दार उघडंच होतं. घरात दोन माणसं गेलेली आणि मामा टीव्हीवर संगीत लावून बसलेले, हे पाहून सुमितला गलबलून आलं. दुःखाने डोकं फिरलं बिचाऱ्यांचं, असं समजून त्याने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. आत्याने हंबरडा फोडला. तो ऐकून संचिता कणकेच्या हातांनी बाहेर आली, मागोमाग टॉवेल गुंडाळलेला विनीत.

उलगडा होईतो दोनदा चहा झाला. आत्या रडली, मग भावाला वाट्टेल ते बोलली, मग हसत सुटली. या जुन्या कॅसेटची एक खोड होती: नीट बंद न करता वीज तोडली, की जपून ठेवलेलंही कधीकधी पुसलं जायचं. विनीतने यंत्र पुन्हा लावलं. टोळी नव्हती. एवढ्या दिवसांची वाटचाल गेली होती. सुमितला कुठे पाहावं कळेना.

आबा आता परत खिडकीशी जाऊन बसणार, असं विनीतला वाटलं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून नावं भरायला घेतली. मंजू. आबा. संची. चौथ्या जागी त्यांनी बायजा घातली आणि तिच्या हाती तलवार दिली.

“आणि मी?” विनीतने विचारलं.

“तू फार लवकर मरतोस रे,” आबा म्हणाले आणि बहिणीला शेजारी बसायला सरकून जागा केली.