लाल स्विच आणि भागीरथाबाईंची म्हैस

मी फक्त चुना मागायला गेलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट कोणीही सांगायला लागलं की 'लटारू टेप घेऊन तिथं गेला' अशीच सुरुवात करतात. टेप होता, पण खिशात होता. मी राजुऱ्याच्या लाकूड डेपोत मोजणीदार आहे. टेप खिशात नसला तर चालताना माझा तोल जातो.

अठ्ठ्याऐंशी सालचा उन्हाळा होता. शेजारच्या भागीरथाबाई निमसरकारांनी दुभती म्हैस विकली, ही बातमी मला संध्याकाळी कळली (सकाळीच कळायला हवी होती, पण मी डेपोत होतो). त्या म्हशीचं दूध आमच्या चहात पडायचं. तेव्हा चौकशी करणं हा माझा हक्क होता. तंबाखू तळहातावर घेतली आणि चुन्याच्या निमित्तानं शिरलो. बाईंचा मुलगा श्रावण गोठ्याला पांढरं फासत होता.

"काऊन गा श्रावण, म्हैस कुठी गेली?"

"विकली, भाऊ. कम्प्युटर करून राह्यलो."

"अन् त्याले गोठ्यात बांधतं का?"

"गोठ्यातच. तीच खोली रिकामी हाये."

श्रावण आयटीआय झालेला, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा पोरगा. पण तयार कम्प्युटर घेण्याइतकी मोठी म्हैस राजुऱ्यात कोणाकडेच नव्हती. म्हणून तो नागपूरहून सुटे भाग आणून घरीच जोडणार होता. हायस्कूलच्या नानाजी गुरुजींनी शब्द दिला होता. रविवारी कमिटीसमोर मशीन चालवून दाखव, शाळेची मागची खोली तुझ्या कम्प्युटर क्लासला देतो. नाही चालली, तर खोली शिवणक्लासला जाईल. म्हणजे क्लास नाही, खोली नाही आणि म्हैस तर गेलीच.

हे ऐकून मी परत फिरलो असतो तर आज माझी अब्रू शाबूत असती. पण श्रावणजवळ एक लांब वही होती. पानावर मधोमध रेघ. डावीकडे एका भागाचं नाव, उजवीकडे दुसऱ्याचं.

"हे का होय?"

"कंपॅटिबल पाहा लागते, भाऊ. म्हंजे कोनाचं कोनाशी जमते ते. हा मॉनिटर याच कार्डाशी जमते. दुसऱ्याशी लावला तर नुसता अंधार."

माझे डोळे चमकले. ही तर सोयरीक! राजुरा ते पोंभुर्णा या पट्ट्यात मी अकरा सोयरिकी जमवल्या आहेत. त्यातल्या नऊ घरांत अजून एकच चूल पेटते (उरलेल्या दोन घरांवरून मी सायकल नेत नाही). मी तिथंच बसकण मारली आणि म्हटलं, "श्रावण, हे काम तुह्या एकट्याचं नोहे."

वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड एका जागी होती. पॉवर सप्लाय. पंखा लावलेला पत्र्याचा डबा. लाइनीतून दोनशे तीस व्होल्ट घ्यायचे आणि आतल्या बोर्डाला पाच, फ्लॉपीच्या ड्राइव्हला बारा, असं ज्याला जेवढं पचतं तेवढं वाढायचं. म्हणजे दोन्हीकडचं ऐकून घेणारा मधला माणूस. मला त्या डब्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"त्रेसष्ट वॅटचा स्वस्त हाये," श्रावण म्हणाला, "पन दोन ड्राइव्ह लावले का बसून जाईल. दीडशेचाच पाह्यजे."

"आमच्या घरी साठचा बल्ब हाये. साऱ्या घराले पुरते."

"भाऊ, हा बल्ब नोहे."

शुक्रवारी सुट्टी टाकून मी त्याच्यासोबत नागपूरला गेलो (बोलावलं नव्हतं, पण एसटीत माझ्याशेजारची जागा रिकामी होती). दुकानदारानं दीडशे वॅटच्या डब्याचा भाव सांगितला. सोयरीक असो की सागाचा लठ्ठा, पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, हा आमचा धर्म. मी म्हटलं, "दीडशे नको, सव्वाशे करून द्या, अन् भाव उतरवा."

दुकानदारानं श्रावणकडे पाहिलं. "ये आपके साथ है क्या?"

"बाजूला राहतात," श्रावण म्हणाला. सोबत आहे असं मात्र म्हणाला नाही.

शनिवारी सकाळपासून जोडणी. मी टेपनं कॅबिनेट मोजलं, बोर्ड मोजला, बोर्ड दोन सूत लहान भरतो असं जाहीर केलं. कोणी ऐकलं नाही. दुपारी तीनला श्रावणनं बटण दाबलं. पंखा एकदा हलला, उसासा टाकला आणि थांबला. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. पुन्हा उसासा. भागीरथाबाई दारात पदराचं टोक चावत उभ्या होत्या.

आता आमच्या गल्लीच्या विजेबद्दल सांगायला हवं. जिल्ह्यातला कोळसा आमचा, धूर आमचा, राख आमची. वीज तेवढी दूरच्या लोकांची. जी उरते ती गल्लीच्या तोंडाशी असलेली मुखरूभाऊंची आरामशीन पिऊन टाकते. दिवसभर आरा लठ्ठे कापतो आणि आमचे पंखे पाहुण्यांसारखे अवघडून बसतात. संध्याकाळी आरा थांबला की सारं गाव दिवे लावतं, मग पुन्हा तेच.

श्रावणनं मीटर लावून पाहिला. एकशे तीस. "स्टेबिलायझर बी आनाले पाह्यजे होता," असं पुटपुटत तो वायर तपासायला पेचकस आणायला आत गेला. मी डब्याजवळ एकटा. (एकटा मी कुठंही राहू नये, असं केसरबाईचं, म्हणजे माझ्या बायकोचं मत आहे.) डब्याच्या पाठीला नखाएवढा लाल स्विच दिसला. त्यावर लिहिलं होतं २३०. नखानं हळूच सरकवला तर खालून निघालं ११५.

मी मोजणीदार माणूस. एकशे तीस हे दोनशे तीसला जवळ की एकशे पंधराला? तिसरीतलं पोरही सांगेल. ज्या गल्लीनं जन्मात दोनशे तीस पाहिले नाहीत, त्या गल्लीत हा डबा दोनशे तिसाची वाट पाहत बसला होता! मुलगी आठवी शिकलेली आणि वर मागतो डॉक्टरीण, असली सोयरीक कशी जमणार? मी अपेक्षा खाली आणली. स्विच ११५ वर ठेवला आणि मागे सरून तंबाखू मळत बसलो.

श्रावण आला. चार वायरी काढून पुन्हा दाबून बसवल्या, बटण दाबलं. पंखा भर्रकन फिरला, आत काहीतरी टुक्क वाजलं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं चमकू लागली. भागीरथाबाईंनी बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. श्रावणच्या डोळ्यांत पाणी. "वायर ढिली होती, भाऊ!"

"हो ना, ढिलीच असन," मी म्हटलं. चांगलं काम करावं आणि गप्प बसावं, असं आईनं मला शिकवलं होतं. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी तिचं ऐकलं.

इथंही थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रात्री जेवताना वाटलं, आपण एवढं केलं, तर आणखी थोडं का करू नये? रविवारी सकाळी उठून मुखरूभाऊंकडे गेलो.

"मुखरूभाऊ, आज साडेअकराले घंटाभर आरा बंद ठेव. पोराच्या जन्माचा सवाल हाये."

"कोन्या पोराच्या?"

"श्रावनच्या. त्याचं मशीन आज पोटभर होल्टेज जेवू दे."

मुखरूभाऊ मनाचे मोठे. हो म्हणाले.

अकराला नानाजी गुरुजी कमिटीचे दोघे घेऊन आले. श्रावणनं घड्याळ पाहून मशीन सुरू केलं. सतराचा पाढा पडद्यावर सरसर उतरला. गुरुजींनी चष्मा वर-खाली करून तपासला. "सतरा नवम एकशे त्रेपन्न. बरोबर हाये. अन् एकोनतीसचा येते का याले?"

"कोनताबी येते, गुरुजी."

"मले येत नाई," गुरुजी कमिटीकडे वळून म्हणाले, "म्हनजे हे मशीन शाळेत पाह्यजेच."

भागीरथाबाई चहा घेऊन आल्या. सगळं सोयरिकीच्या बैठकीसारखं छान जमलं होतं. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरा थांबला. खोलीतला पिवळा बल्ब पांढराशुभ्र झाला. कोपऱ्यातला टेबल फॅन, जो वर्षभर मान डुलवत होता, तो खडखडून पळायला लागला.

श्रावणनं मान वर केली. "आरा काऊन बंद झाला?"

"मीच बंद करवला," मी छाती काढून म्हणालो.

डब्यातून असा आवाज आला की पोंभुर्ण्याच्या जंगलातही रानडुकरं दचकली असतील. धूर निघाला. नानाजी गुरुजी चहासकट बाजेवर चढले, कमिटी दारातून एकदमच बाहेर पडायला लागली आणि चौकटीत अडकली. धुरातून भागीरथाबाईंचा टाहो ऐकू आला, "माही म्हैस वो!"

श्रावणनं प्लग उपटला. डबा फिरवला. लाल स्विचकडे पाहिलं. मग खोलीत सगळ्यांकडे पाहिलं.

"हा कोनं सरकवला?"

मी काही बोलायच्या आत कुडाच्या पलीकडून केसरबाईचा आवाज आला. "विचारून का राह्यला श्रावन? हे घरीच हायेत, त्याईलेच पाठवते मी." मी तिथंच उभा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण हे काम कोणाचं ते तिनं न पाहताच ओळखलं होतं.

मी सगळं सांगून टाकलं. एकशे तीसचं गणितही सांगितलं, जे आरा थांबून लाइनीत पुरे दोनशे तीस आल्यावर उलटलं होतं.  श्रावण पेचकस घेऊन डबा उघडायला बसला, आणि तेच मला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन दिल्या असत्या.

"गणित चुकलं नाई याचं," गुरुजी बाजेवरूनच म्हणाले. "मानूस चुकला."

श्रावणनं वाकून पाहिलं. फ्यूज गेला होता, दोन मोठे कपॅसिटर फुटले होते. त्यानं श्वास सोडला. "बोर्ड वाचला, माय. नुसता मधला डब्बा गेला. जुन्या टीव्हीतला माल लागन. दोन घंटे द्या, गुरुजी."

गुरुजी थांबले (थांबायचं कारण असं की केसरबाईनं दंड म्हणून आमची कोंबडी चुलीवर चढवली होती). पण आता नवीन पेच. स्विच पुन्हा २३० वर, म्हणजे आरा बंदच हवा. मी पुन्हा मुखरूभाऊंच्या दारात.

"घंटाभराचं बोललो होतो," ते म्हणाले. "आता दुपारभर बंद ठेवतो, पन मह्या परसातले दोनशे लठ्ठे मोजून दे. बसल्या बसल्या तेवढंच काम."

मी उन्हात लठ्ठे मोजत बसलो. एकशे चौऱ्याहत्तराव्या लठ्ठ्यावर होतो तेव्हा गल्लीतून टाळ्या ऐकू आल्या. मशीन चाललं. एकोणतीसचा पाढा उतरला. गुरुजींनी खोली देऊन टाकली. म्हणाले म्हणे, "चालवणारे पुष्कळ पाह्यले, फुटलेलं डोळ्यांसमोर उभं करनारा पयल्यांदा पाह्यला." त्यांनी कोंबडीही संपवली. मी त्यातलं काहीच पाहिलं नाही, अगदी कोंबडीसुद्धा.

संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं श्रावणकडे गेलो. तो हसला, चुना दिला. लाल स्विचवर त्यानं लाखेचं सील ठोकलं होतं. मी वही चाळायला घेतली (सवय). शेवटच्या पानावर ताज्या शाईत एक नवीन ओळ होती. डावीकडे 'लटारूभाऊ'. उजवीकडे 'कशाशीच जमत नाही'.

मी वही घरी आणून केसरबाईला दाखवली. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. तिनं दिव्याखाली धरून नीट वाचली आणि मान हलवली.

"खोटं लिवलं पोट्ट्यानं," ती म्हणाली. "वीस वर्सं झाली, माह्याशी जमते ना. फक्त होल्टेज कमीच ठेवा लागते."