एक बदला, बाकी जैसे थे

तात्या मास्तर छडी मारत ती निम्म्याच वर्गाला. उरलेला निम्मा वर्ग तुलनेसाठी. खिडकीकडची पोरं चुकली की छडी, भिंतीकडची चुकली की गोड शब्द. मग पाढे कोणाचे पक्के होतात ते पाहायचं. पोरांनी निष्कर्षाची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग भिंतीला चिकटून बसला.

महायुद्धाच्या दिवसांत माणसं कर्जतबाहेर जात आणि रॉकेल, साखर, गेलाबाजार काड्यापेटी तरी मिळवून आणत. आमचे हे शेजारी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन आले. तेव्हापासून कर्जतलगतच्या आमच्या भिसेगावात कोणाला स्वास्थ्य राहिलं नाही. "एक बदला, बाकी जैसे थे!" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माझं डोकं दुखायला लागलं तेव्हा "चहा सोडा, पण जागरणं चालू ठेवा," असा सल्ला त्यांनी गंभीर चेहऱ्यानं दिला.

अशात त्यांची बायको, आमच्या सखूवहिनी, पोशीरला माहेरी निघून गेल्या. का, ते सांगितलं नाही. दुसरा कोणी असता तर धावत जाऊन हातापाया पडला असता. तात्यांनी संभाव्य कारणं काढली: तपकीर, मिशा, घोरणं. एका रविवारी ते तपकीर सोडून पोशीरला गेले. वहिनी आल्या नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा तपकीर ओढून, पण मिशा काढून गेले. मेव्हण्यानं त्यांना ओळखलंच नाही.

"अहो, सगळंच एकदम सोडा की!" मी वैतागलो.

"मग ती कशामुळे आली, ते कळायचं कसं?"

"मग त्यांनाच विचारा."

"छे! माझं मन राखायला काहीतरी सांगेल. असली उत्तरं शास्त्रात धरत नाहीत."

असल्या माणसाकडे बायको इतके दिवस टिकलीच कशी, याचं मला नवल वाटलं.

पुढच्या खेपेला त्यांनी मला निरीक्षक म्हणून बरोबर नेलं. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "भावजी, आज काय सोडून आलेत हे?"

तात्या ओशाळले. एकाएकी त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली. "कारण शोधतोय गं. नाय कळलं तर मी परत तेच करीन, आन् तू परत जाशील. दुसऱ्यांदा मला झेपायचं नाय."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

वहिनींचे हात थांबले. "एक दिवस भाकरीचं कौतुक करायचं, एक दिवस गप बसायचं. गप बसलात की मला वाटायचं, माजंच कायतरी चुकलं. आन् मग तुमीच भावजींना सांगत व्हतात, बायकोवर प्रयोग चाललाय म्हणून. मी चुलीपाशी ऐकलं."

तात्यांच्या कारणांत हे नव्हतंच. मीही तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

"आता खरं सांगा," वहिनी म्हणाल्या. "भाकरी चांगली व्हती का नाय?"

"रोज चांगली व्हती गं. गप बसायच्या दिवशी मी घासावर घास कोंबायचो. नायतर तोंडातून निघून गेलं असतं."

वहिनी उठून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, आणि तात्या पडवीतूनच ओरडले, "बेस झालीय गं!"

अजून ती तव्यावर पडायची होती.