घंटा माझ्या हातात होती

"सर, तुमच्या संघातले किती लेखक जेलात जाऊन आले?"

हा प्रश्न माझा नाही! माझ्या मैत्रिणीचा, दामिनीचा आहे. शाळेच्या वाचनालयात लेखक संघाचे सुगत सर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलत होते आणि दामिनी मला बाजूनं कोपर मारून राहिली होती, "रागिणी, हिंमत असन तं इचार!"

आता तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर गप्प बसायला मी काय सहावीतली रागिणी आहे? सहावीत मी हजेरीलाही नुसती मान हलवायचे. पण यंदा अचलपूरच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला, आणि तेव्हापासून गाडीत कापूस तुडवून भरतात तसा माझ्यात आत्मविश्वास भरलाय. दोर बांधला तरी चारी बाजूंनी बाहेर येतो!

मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत.

"एक," ते म्हणाले. "आणि तो जाऊन आला नाही. अजून आतच आहे."

चंद्रभानकाका. चांदूर बाजारचे शिक्षक. एका लेखापायी चौदा महिन्यांपासून तुरुंगात, आणि खटला अजून सुरूसुद्धा नाही. अख्खा वर्ग खाली बघू लागला. मी मात्र, सांगायला लाज वाटते, मनात म्हणत होते, 'काय जबरदस्त प्रश्न विचारला मी!'

तास संपल्यावर सरांनी मला बोलावलं. "रविवारी अकोल्याला चंद्रभानच्या सुटकेसाठी सभा आहे. आमचे लेखक एकदा माईक धरला की सोडत नाहीत. हॉल एक वाजेपर्यंतच आपला, मग तिथं साखरपुडा आहे. तुमच्या स्पर्धेत वाजवतात तशी घंटा वाजवशील? पाच मिनिटं झाली की टण्! मुलाहिजा कोणाचाच नाही. माझाही नाही."

"सर, घड्याळ चुकेल, पण मी चुकणार नाही!"

बाबांनी ही बातमी गल्लीभर केली. "माही पोट्टी लेखकायले चूप करनार हाये!" आईनं तर इस्त्रीचा ड्रेस काढला. जणू घंटा नाही, मीच वाजणार होते!

रविवारी संघाच्या लोकांसोबत मी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला पोचले. मांडीवर सरांनी दिलेली पितळेची घंटा, मनगटावर बाबांचं घड्याळ. पहिले वक्ते उभे राहिले ते गरजतच. "आमचा आवाज दाबणाऱ्यांना आम्ही ठणकावून सांगतो की..."

टण्!

टाळ्या! दुसरे वक्ते कवी होते, त्यांची पाच मिनिटं मान्यवरांची नावं घेण्यातच गेली. टण्! सुगत सर स्वतः चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांत बसले आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. मी तर हवेतच!

तेवढ्यात मला दिसलं की मंचावर एक खुर्ची रिकामी आहे. आणि मंचाच्या पायरीशी एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून उभे आहेत. आमच्या घरी पाहुणा उभा आणि खुर्ची रिकामी असं दिसलं, तर आई मलाच घराबाहेर काढेल! मी उठले, त्यांचा हात धरला, "या काका, बसा ना," आणि बसवलं. फुलं वाटणाऱ्या ताईंनी त्यांनाही गुलाब दिला. काका इतके खूश झाले की त्यांनी तो दोनदा हुंगला.

मंचावर सगळ्यांचे चेहरे कारल्याची भाजी वाढल्यासारखे.

ती खुर्ची चंद्रभानकाकांची होती! लेखकांच्या अशा सभांत तुरुंगातल्या लेखकासाठी एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवतात, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. नावाची पाटी पंख्याच्या वाऱ्यानं खुर्चीखाली पडली होती. आणि बसलेले काका होते हॉलचे राखणदार पुंजारामजी. किल्ल्यांचा जुडगा घेऊन, सभा कधी आटपते ते बघायला आलेले!

"त्यांना उठवा!" पहिले वक्ते म्हणाले.

"असं कसं उठवता? ही दडपशाही झाली!" कवी म्हणाले.

"अहो, हा चंद्रभानचा अपमान आहे!"

"मग ह्यांचा नाही का?"

दोघांचं पाच मिनिटं चाललं. मी घंटा वाजवली. कोणी ऐकली नाही.

पुंजारामजी उठले. "तीस वर्सं झाले हा हॉल उघडतो मी. कोनी या म्हटलं नाई, बसा म्हटलं नाई. आज बसा म्हने म्हून बसलो, तं आता उठा म्हनता? मी का माकड हावो?" गुलाब खुर्चीवर ठेवून ते तडक खाली गेले आणि मेन स्विच बंद केला. माईक गेला, पंखे गेले. "एक वाजता मंजे एक वाजता!"

सुगत सरांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या उन्हाळ्यातही मला थंडी वाजली.

बारा चोपन्न. राहिल्या होत्या फक्त पंचफुलाकाकू, चंद्रभानकाकांच्या बायको. त्या तुरुंगातून आलेलं पत्र वाचणार होत्या. सगळी सभा खरं तर त्यासाठीच होती. चार पानं. मधल्या काही ओळींवर तुरुंगातल्या लोकांनी काळी शाई फिरवलेली. काकू ओळीवर बोट ठेवून हळू वाचायच्या, आणि काळी ओळ आली की थांबून तिच्यावरूनही बोट फिरवायच्या. माईक नव्हता. सगळा हॉल पुढं वाकून ऐकत होता.

आणि मी काय करत होते? घड्याळ बघत होते! बाहेर साखरपुड्याची मंडळी दार वाजवत होती. खुर्चीची चूक भरून काढायची तर घंटा चुकून चालणार नव्हतं. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ...

"आणि एक सांगायचं राहिलं," काकू वाचत होत्या. "त्या खुर्चीचं..."

टण्!

काकू तिथंच थांबल्या. अर्ध्या श्वासावर. टाळी एकही नाही. सुगत सर हात वर करून अर्धवट उठलेले. आणि मी, प्रत्येक वक्त्यानंतर म्हणत होते तेच, खणखणीत आवाजात म्हणाले, "वेळेत संपवल्याबद्दल आपलं अभिनंदन!"

काकूंनी पत्राची घडी घातली आणि खाली उतरल्या. दार उघडलं, साखरपुडा आत आला.

मी जिन्यात त्यांना गाठलं. जेमतेम चार शब्द बोलले. अचलपूरची दुसरी आलेली मी!

"काकू... मले माफ करा..."

"रडू नोको व माय," त्या म्हणाल्या. "मले आदत हाये. जेलात भेटाले जातो ना, तती बी अशीच घंटा होते. लोखंडी जायीच्या तिकडून ते, इकडून मी. घंटा झाली का बोलनं तोंडातच रायते. म्हून तं आज बी मी पटकन थांबली."

त्या अगदी साधेपणानं बोलल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"खुर्चीचं काय लिहिलं आहे, काकू?"

त्यांनी घडी उघडली, बरोब्बर त्याच जागी बोट ठेवलं आणि वाचलं, "सुगतने कळवलं की माझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवणार आहात. नका ठेवू. सभेत कोणी ना कोणी उभं असतंच. त्याला बसवा."

म्हणजे बघा! ज्या वाक्यानं मी वाचले असते, नेमकं त्याच वाक्यावर मी घंटा मारली!

"अजून दोन पानं हायेत," काकू म्हणाल्या. "पन गावाकडची, परतवाड्याची बस सुटन." आणि गेल्या.

घरी बाबा दारातच उभे. "काय मंग, केले का चूप लेखकायले?"

"केलं, बाबा. एकालेच केलं. जो पह्यलेच चूप होता त्याले."

बाबांना कळेना. आईनं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पुंजारामजींचा गुलाब, काळ्या ओळी, जिना, सगळं. बाबांनी एकदाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग घाईघाईनं नजर खाली घेतली.

"मी ठरवलं हाये," मी म्हणाले. "येत्या रविवारी मी चांदूर बाजारले जाईन. जाता जाता घंटा सुगत सरायले परत देईन. काकूले म्हनीन, पत्र वाचा, पह्यल्या ओयीपासून, आज घंटा नाई. आई, बाबा, 'परत कधी येशीन?' हे मात्र मले इचारू नका."