तान्ह्या पैलवानांचा वस्ताद

गेनू वस्तादाच्या हातात तान्हं मूल दिलं, तर तो त्याच्या तोंडाकडे बघत नसे. नाक बापाचं की डोळे आईचे, या चर्चेत त्याला रस नव्हता. तो मुलाचा दंड अंगठा आणि बोट यांच्यात धरायचा, हलकेच दाबायचा आणि मग मुलाच्या नव्हे, बापाच्या तोंडाकडे बघायचा. पुरेसं बघून झालं की एकच शब्द बोलायचा, "खुराक."

हा शब्द त्याला नाना सुरांत म्हणता येई. तोडून म्हटला तर मुलाचं बरं चाललंय असं समजायचं. लांबवून म्हटला तर बापानं घरी जाऊन बायकोच्या ताटात काय पडतं ते बघायचं. आणि दातांतून म्हटला तर बापानं पुढचे काही दिवस तालमीवरून न जाता ओढ्याच्या वाटेनं जावं, हे बरं.

मी त्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. काष्टीच्या बाजाराला सायकलवर जाता येईल, एवढ्या अंतरावरचं गाव. मी नगर शहरातला. त्यामुळे खेड्याला चार गोष्टी शिकवायला आपण आलो आहोत, असा माझा समज होता. गावानं तो काही दिवस सहन केला.

वस्ताद पन्नाशीचा असेल. मान नावाचा अवयव त्याला नव्हता. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. कान तालमीत चोळामोळा होऊन गेलेले. लग्न केलं नव्हतं. ऐन उमेदीत त्यानं जिल्ह्याच्या जत्रा गाजवल्या होत्या म्हणे, आणि पुढे गावातच तालीम धरून पोरं घडवली होती. पण बाहत्तरचा दुष्काळ पडला आणि पोरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. प्यायला पाणी नाही तिथं आखाड्याची माती कोण भिजवणार? तालमीला कुलूप लागलं. दुसरा कुणी असता तर कट्ट्यावर बसून जुन्या कुस्त्या सांगत राहिला असता. वस्तादानं कुस्ती सोडली नाही. फक्त पैलवान बदलले.

बाजाराच्या दिवशी खडीचं काम बंद असे. त्या दिवशी दुपारी तो तालमीबाहेरच्या लिंबाखाली घोंगडी अंथरायचा. तालमीत मारुती, म्हणून बायका आत पाऊल टाकत नसत; मग यानं आखाडाच बाहेर आणला. एका वयाची दोन पोरं घोंगडीवर शेजारी ठेवायची, याला तो म्हणे "जोड लावणं". दोघांचे दंड बघायचे, मांड्या बघायच्या, कुठलं रांगतं, कुठलं नुसतंच पडून आहे ते बघायचं आणि निकाल द्यायचा. मूल कधीच हरत नसे. हरायचा तो बाप. "ह्यो पट्ठ्या चांगला हाय," तो म्हणे, "ह्याचा बा चितपट झाला." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. बाप लोक पुढच्या बाजाराला शेंगदाणे नाहीतर अंडी घेऊन मुकाट घरी जायचे.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं मुळीच नाही. एकदा त्यानं आखाड्यातली तेल-ताक मुरलेली तांबडी माती एका पोराच्या अंगाला चोळली, आणि ते पोर धुऊन काढायला त्या माऊलीनं दोन दिवसांचं पाणी घालवलं. त्यावरून तिनं वस्तादाचा जो उद्धार केला, तो मी वर्गाची खिडकी लावून घेऊन ऐकला. सुरुवातीला तो तान्ह्या पोरांना बदाम सांगायचा. त्या वर्षी गावात बदाम बघितलेली माणसंसुद्धा कमी होती. हळूहळू तो बदामावरून शेंगदाण्यावर उतरला, शेंगदाण्यावरून हुलग्यावर. दुष्काळी कामावर मिळणारं सुकडीचं गोडसर पीठ लोक कंटाळून म्हशीपुढे टाकत. त्याला तो "सरकारी बदाम" म्हणू लागला आणि गरम पाण्यात शिजवून पोरांना भरवायला लावू लागला. चहाचं मात्र नाव काढायचं नाही. चहा पाजणाऱ्या बापाला तो कट्ट्यावर जागा देत नसे.

आणि पोटुशी बाई किंवा बाळंतीण दिसली की तिच्या सासूला थांबवून विचारायचा, "मावशे, हिचं जेवान कवा? उरल्यावर का उरायच्या आदी?" सासवा मग पाण्याच्या हंड्याचं निमित्त काढून पुढं सटकायच्या.

याच सुमारास पंचायत समितीकडून शाळेला एक तक्ता आला. 'चौरस आहार'. मी गावाला चावडीत गोळा केलं आणि व्याख्यान झोडलं. तक्त्यावर सफरचंद होतं, लोण्याचा गोळा होता, द्राक्षांचा घोस होता. एका म्हातारीनं विचारलं, ते तांबडं तमाटं एवढं गोल कसं? एका बाबांची शंका आणखी मूलभूत होती. चौरस आहार म्हणजे भाकरी चौकोनी थापायची का? मी समजावून सांगायला फळ्यावर चौरस काढला, आणि तीच माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी एका पोराच्या फडक्यातून खरोखर चौकोनी भाकरी निघाली. आईनं कडा विळीनं कापून काढल्या होत्या.

पण व्याख्यानातला एक भाग मी फार तळमळीनं बोललो होतो. मूल सहा महिन्यांचं झालं की नुसतं दूध त्याला पुरत नाही. मऊ भात, वरण, दुधात नाहीतर कालवणात कुसकरलेली भाकरी, पालेभाजीचा गर, असं वरचं अन्न थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा द्यायला हवं. हे ऐकून मागे बसलेल्या वस्तादानं खुशीत मांडीवर शड्डू ठोकला. चावडीतली कबुतरं उडाली. मग तो म्हणाला, "गुर्जी, फुडल्या बाजारी तुमची पोरगी आना. किसनाच्या पोरासंगं जोड हाय तिची."

आता माझ्या घरचं सांगायला हवं. माझी मुलगी वंदू तेव्हा नववा महिना संपवत होती आणि तिच्या पोटात दुधाशिवाय जवळजवळ काहीही गेलेलं नव्हतं. तेही दुष्काळातलं, पाण्याशी फार सलगी असलेलं दूध. कारण तिचं उष्टावण झालं नव्हतं. बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास मामानं घालायचा, ही आमच्या घरची रीत. वंदूला मामा एकच, सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, भाऊ. तो फौजेत. लढाई संपून वर्ष होत आलं तरी त्याची पलटण सरहद्दीवरच होती आणि रजा मिळत नव्हती. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं, म्हणून माझ्या आईनं पाचवा धरला, सातवा धरला, आता नववाही हातचा जात होता. आई म्हणायची, अकरावा आहेच की.

मी गप्प होतो असं नाही. एकदा आई देवळात गेलेली पाहून मी दाराआड वंदूला वरणभात भरवला होता. आई परतली तेव्हा पोरीची हनुवटी पिवळी धमक. मी सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून हळद लावली. आईनं त्या हळदीतून डाळीचा एक दाणा बोटावर उचलला आणि माझ्यासमोर धरला. त्यानंतर आईनं देवळात जाणंच बंद केलं.

बाजाराच्या दिवशी मी वंदूला झबलं-टोपडं घालून, पावडर लावून नेलं. घोंगडीवर किसनाचं पोर आधीच बसलेलं होतं. ते काही मोठं गुटगुटीत नव्हतं. पण बसलेलं होतं. वंदूला ठेवली तशी ती एका अंगावर कलली. मी सरळ केली. ती दुसऱ्या अंगावर कलली. वस्तादानं तिचा दंड धरला आणि त्याचा अंगठा आणि बोट जवळजवळ एकमेकांना भेटले.

कुणी हसलं नाही. माझी एवढी मोठी फजिती, आणि गावानं हसायची संधी सोडली. 

"वरचं काय घालता?" वस्तादानं विचारलं.

मी पुटपुटलो की उष्टावण राहिलंय. मामा सरहद्दीवर आहे.

तो आता "खुराक" कुठल्या सुरात म्हणतो याची मी वाट बघत राहिलो.  वंदूला त्यानं माझ्या खांद्यावर ठेवलं, घोंगडी झटकली आणि निघून गेला. पुढच्या दोन जोड्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात वस्ताद उभा. अंघोळ केलेला, धुवट धोतर, डोक्याला फेटा. हातात नारळ आणि हिरव्या खणाची घडी. आई उंबऱ्यावर आली.

"कोण पाहिजे?"

"कुनी न्हाई. मामा आलाय पोरीचा."

"तिला मामा एकच आहे."

"व्हय. त्योच गुतलाय नव्हं तिकडं."

मी मध्ये पडून काहीतरी म्हणणार होतो. आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला शाळेची घंटा आठवली. त्या दिवशी रविवार होता.

आईनं त्याला आत घेतलं नाही. वस्ताद ओट्यावर मांडी घालून बसला. आईनं ओटा झाडायला घेतला, त्याच्याभोवतीनं झाडला. भांडी विसळलेल्या पाण्याचा सडा टाकला, त्याच्या धोतरावर शिंतोडे आले. तो हलला नाही. सुमन आतल्या दाराशी वंदूला घेऊन उभी होती, आणि वंदू किरकिरत होती. त्या किरकिरण्यात आता जोर राहिला नव्हता, एवढं मलासुद्धा ऐकू येत होतं.

शेवटी आई बोलली. रागानं नाही, म्हणूनच ते लक्षात राहिलं. म्हणाली, "तुम्ही मला अडाणी समजता. पोरीचे हात मला दिसत नाहीत का? पण सुमनचा भाऊ तिकडे बंदुकीपुढं उभा आहे. तो जिवंत असताना त्याची जागा दुसऱ्याला दिली, आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर या सुनेला मी काय तोंड दाखवू?"

हे मला कधीच कळलं नव्हतं. एवढे महिने मी तिला रूढीवर भाषणं ऐकवत होतो, आणि ती सुमनच्या भावाचा जीव मुठीत धरून बसली होती. सुमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, की तिलाही हेच भय होतं. दोघी एकमेकींशी एक अक्षर न बोलता त्यात सामील होत्या.

वस्तादानं पायरीकडे नजर वळवली.

"आई, त्याची जागा घ्याया आलो न्हाई," तो म्हणाला. "राखाया आलो. त्यो आला की पुन्यांदा करा, वाजत गाजत. मी लांब हुबा ऱ्हाईन."

 आईनं केरसुणी भिंतीला टेकवली.

मग खाली बघतच तो म्हणाला, "माजी भन पुनतांब्याला दिलीया. तिला पयलं पोरगं झालं तवा माजा हंगाम जोरात. ही जत्रा, ती जत्रा. भनीचा निरोप आला, की मामा म्हनून उष्टावनाला ये. म्हनलं, एवढी कुस्ती मारतो आन येतो. मग दुसरी आली. ते बी माजी वाट बगत बसले, तुमच्यावानीच. पोरगं नुसत्या दुदावर. मग त्याला हगवन लागली."

 त्यानं हातातल्या खणाची घडी सरळ केली.

"त्याचं उष्टावन ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. भन काय बोलली न्हाई मला. भाऊबीजंला बी बोलावलं न्हाई पुन्ना."

माझी आई तशी शब्दाला शब्द देणारी बाई. पण ती तशीच आत वळली. चूल पेटल्याचा आवाज आला, आणि मग तिचा तो नेहमीचा हुकमी सूर, "सुमन, तांदूळ बारीक वाट. खीर पातळ कर. आणि हा पाट कुणी मांडायचा, मी?"

पाट मी मांडला. घाईत उलटा मांडला, तो आईनं सुलटा केला. सुमननं हिरवा खण हातात घेतला आणि वस्तादाला वाकून नमस्कार केला. त्याला कुणी नमस्कार केला की तो पाठीवर थाप मारायचा; सगळी तालीम त्या थापेला भ्यायची. त्यानं हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

वंदूला त्याच्या मांडीवर दिली. एवढ्याशा चांदीच्या वाटीत खीर, आणि चाटवायला आईची सोन्याची अंगठी. ती अंगठी वस्तादाच्या करंगळीच्या टोकावरही जात नव्हती. त्यानं ती चिमटीत धरली आणि खिरीत बुडवली. ज्या हातांनी नावाजलेले मल्ल उचलून आपटले, त्या हातातून वंदूच्या ओठापर्यंत जाता जाता निम्मी खीर झबल्यावर सांडली.

वंदूनं आधी तोंड वाकडं केलं. जिभेनं खीर बाहेर ढकलली.  मग पोरीनं ओठ चाटले, जरा विचार केला आणि दोन्ही हातांनी वस्तादाचा अंगठा धरून तो आपल्या तोंडाकडे ओढला.

आईनं त्याच्यासाठी ताट वाढलं होतं. रीतीप्रमाणे मामाला जेवायला बसवायचं. सुमननं दोनदा म्हटलं, "दादा, पान वाढलंय, गार होतंय." त्याचं लक्ष नव्हतं. तो घास भरवत होता, सांडलेलं फेट्याच्या शेवानं पुसत होता आणि पुन्हा भरवत होता. वाटी संपली तेव्हा आईनं न विचारता पुन्हा भरली, आणि वंदू घाईघाईनं तोंड उघडू लागली, तसा तो तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

"सावकाश खा, बाय. मामा कुटं जात न्हाई."